पांढऱ्या टोपीतल्या नायिकांच्या नलिनीताई

नलिनीताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट आमच्या दाराच्या लेटरबॉक्समधून झाली. पुण्याहून मिल्टन कीन्सला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. संदीप, माझे यजमान, सकाळी कंपनीत जात. मला अजून नोकरी मिळालेली नव्हती, त्यामुळे दिवसभर घरात मी एकटी. एका दुपारी बेल वाजली. परक्या गावात दार उघडावे की नाही या विचारात मी स्वयंपाकघरातच उभी राहिले. तेवढ्यात लेटरबॉक्सची झडप वर झाली आणि खणखणीत मराठीत आवाज आला, "अहो, तिसरी शिट्टी झाली. आधी गॅस बंद करा, मग सावकाश दार उघडा. मी थांबते."

दार उघडले तर समोर सुती साडी, तिच्यावर निळा अनोरॅक, म्हणजे टोपीचे पावसाळी जाकीट, पांढरेशुभ्र केस आणि दोन्ही हातांत पुस्तकांनी ठासून भरलेल्या पिशव्या. ज्या वृद्धांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना लायब्ररीची पुस्तके घरपोच नेऊन देण्याचे काम ताई निवृत्तीनंतर स्वेच्छेने करत. आमच्या शेजारच्या डोरोथीबाईंकडे जाताना त्यांना कुकर ऐकू आला होता आणि दारावरची आमची मराठी पाटी दिसली होती.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"चहा नंतर. डोरोथी घड्याळाकडे बघत बसलेली असेल. तुम्हीच चला माझ्याबरोबर. शेजारी राहता आणि ओळख नाही, हे काही बरं नाही."

अशा रीतीने एकाच दुपारी मला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक अडुसष्ट वर्षांची आणि दुसरी शहाऐंशी वर्षांची.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'लेखिका नलिनीताई' या विषयावर लिहायला सांगितले आहे. ताईंच्या पहिल्या पाचही कादंबऱ्यांची हस्तलिखिते मी टाइप केली, हाच माझा अधिकार. इंग्रजी साहित्य मला फारसे कळत नाही. पण ही पुस्तके कशी जन्मली ते मी खुर्चीला खुर्ची लावून पाहिले आहे, आणि तेवढेच मी सांगणार आहे.

ताईंच्या त्या पिशव्यांतली पुस्तके पाहून पहिल्या दिवशी मला वाटले, एकच पुस्तक यांनी आठ वेळा आणले आहे. प्रत्येक मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली एक तरुणी, मागे शेत आणि दूरवर घोडागाडी. या सगळ्या अमेरिकेतल्या अमिश लोकांच्या प्रेमकथा होत्या. अमिश म्हणजे वीज, मोटार, टेलिव्हिजन यांच्यापासून ठरवून लांब राहणारा, साधे कपडे घालणारा आणि शेती, सुतारकाम करणारा एक ख्रिस्ती समाज. त्यांच्यातल्या नायिका प्रेमात पडतात, संकटात प्रार्थना करतात, शेवटी त्यांचे लग्न होते. डोरोथीबाईंना ही पुस्तके भारी प्रिय. "कुणाचा खून होत नाही, कुणी कपडे काढत नाही, आणि दर तीस पानांनी कुणीतरी पाय भाजतं," असे त्या म्हणत. पाय म्हणजे फळे भरून भाजलेला तो त्यांचा गोड पदार्थ. त्यांची नजर अधू झाल्यामुळे मोठ्या टायपातली पुस्तकेही त्यांना वाचता येईनात. मग ताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन त्यांना वाचून दाखवू लागल्या. मीही जाऊन बसत असे.

लायब्ररीतली अमिश पुस्तके एक दिवस संपली. आणखी मागवली होती, पण ती यायला वेळ होता. त्या मंगळवारी ताईंनी एक जुनेच पुस्तक उघडले आणि वाचायला लागल्या. कथा नवीन होती. गोठ्यातल्या आगीत घर गमावलेली लेआ नावाची मुलगी, तिच्या घराची पुन्हा उभारणी करायला शेजारच्या गावातून आलेला सुतार. मी मन लावून ऐकत होते. अर्ध्या तासाने डोरोथीबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "नलिनी, माझे डोळे गेलेत, कान नाही. वीस मिनिटांत तू एकदाही पान उलटलेलं नाहीस."

ताई लहान मुलीसारख्या लाजल्या. पुस्तक मिटून त्यांनी कबूल केले की ही कथा त्यांच्या मनातली आहे.

"मग लिहून काढ," डोरोथीबाई म्हणाल्या. "शुक्रवारी येशील तेव्हा त्या सुताराचं नाव बदललेलं मला चालणार नाही."

त्या शुक्रवारी ताई रेघांच्या वहीत चौदा पाने लिहून घेऊन आल्या. एका कादंबरीकाराची सुरुवात अशी झाली. त्यापूर्वी ताईंनी लिहिले होते ते फक्त पत्रे आणि लायब्ररीचे अहवाल. लग्नानंतर माधवरावांबरोबर त्या या देशात आल्या, मुले मोठी केली, आणि मग वीस वर्षे बकिंगहॅमशरच्या खेड्यापाड्यांतून फिरत्या लायब्ररीची व्हॅन चालवली. साडी नेसून ती धूड व्हॅन अरुंद गल्ल्यांतून मागे घेणाऱ्या ताईंची आठवण तिकडचे शेतकरी अजून काढतात. लोक कोणते पुस्तक परत करताना हळूच कुरवाळतात, हे त्यांनी वीस वर्षे पाहिले होते. "ते बघूनच मी शिकले," असे त्या सांगतात.

मला गाडी चालवायला ताईंनीच शिकवले. मी दोनदा ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले होते, आणि मिल्टन कीन्समध्ये गाडीवाचून माणूस लंगडा. "तुझ्या गाडीला घाबरतेस? हिच्यापेक्षा माझ्या व्हॅनचा आरसा मोठा होता," असे म्हणून त्या शेजारी बसल्या. (एव्हाना ताईंच्या तोंडी मी 'तुम्ही'ची 'तू' झाले होते.) अडचण एकच होती. मी गाडी चालवत असताना ताई त्यांच्या कथेत असत. एकदा एका राउंडअबाउटला, म्हणजे इथल्या गोल चौकाला, आम्ही चार फेऱ्या मारल्या.

"ताई, कुठल्या एक्झिटने जायचं?"

"थांब गं. त्याने आत्ता मागणी घातली तर ती नाही म्हणेल. सुगीनंतर घालू दे का?"

"ताई, मागच्या गाडीवाला हॉर्न मारतोय!"

"मारू दे. सुगीनंतरच घालेल. घे, डावीकडे घे."

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. परीक्षक म्हणाले, तुमच्याइतका राउंडअबाउटचा सराव असलेला उमेदवार मी पाहिला नाही.

पहिली कादंबरी पूर्ण झाल्यावर मी ती टाइप केली आणि अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेकडे पाठवली. श्रद्धेला धरून चालणाऱ्या प्रेमकथाच ते छापत. त्यांच्या संपादिका कॅरलबाई यांना कथा आवडली. पण त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. लेखिकेची धर्मश्रद्धा कोणती, आणि मुखपृष्ठावर एखादे सोपे इंग्रजी टोपणनाव चालेल का? मी ताईंना म्हटले, "टोपणनाव घेऊन टाका ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ताई म्हणाल्या. त्यांनी सांगितलेले उत्तर मी जसेच्या तसे टाइप केले. मी हिंदू आहे, रोज सकाळी देवापुढे दिवा लावते. मी अमिश नाही आणि तसे भासवणारही नाही. माझे नाव उच्चारायला अवघड आहे, पण लेआच्या गावाचे नावही सोपे नाही, आणि ते तुम्ही तसेच ठेवले आहे.

तीन आठवडे काहीच उत्तर आले नाही. ताई वरवर शांत होत्या, पण माधवरावांनी मला सांगितले की पोस्टमनची चाहूल लागली की भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबतो. शेवटी पत्र आले. संस्थेच्या सल्लागारांत एक वृद्ध पाद्री होते. त्यांनी हस्तलिखित वाचून म्हटले होते की या बाईंना प्रार्थना म्हणजे काय ते माहीत आहे, बाकीचे आपण वाचकांवर सोपवू. पुस्तक नलिनी देवस्थळी याच नावाने निघाले.

आपल्या मराठी मंडळाच्या इल्फर्डच्या कार्यक्रमात त्या पुस्तकाचे कौतुक झाले, तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी उभे राहून विचारलेला प्रश्न अनेकांना आठवत असेल. "ताई, आपल्याकडे एवढी संतपरंपरा असताना तुम्ही हे परक्यांचं कशाला लिहिता?" ताई माइकपाशी गेल्या आणि जराही न रागावता म्हणाल्या, "मी प्रार्थना करणाऱ्या माणसांबद्दल लिहिते. तशी माणसं मी आमच्या वाईच्या घरात लहानपणापासून पाहिली. ती काय मागतात, आणि मागितलेलं मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी उठून काय करतात, एवढंच मला लिहायचं असतं. डोक्यावर पदर आहे की टोपी, यानं त्यात फार फरक पडत नाही." त्या गृहस्थांनी जाताना एक प्रत विकत घेतली, आणि पुढच्या वेळी आपल्या पत्नीसाठी सही करून घ्यायला रांगेत उभे राहिले.

घरच्या टीकेलाही ताई तितक्याच मोकळेपणाने सामोऱ्या जात. केंब्रिजला शिकणारी त्यांची नात ईशा सुट्टीत आली की हस्तलिखित वाचायची. "आजी, तुझा हीरो खूप बोरिंग आहे. तो सगळी वेळ फक्त लाकूड कापतो." ताईंनी आधी 'सगळा वेळ' अशी तिची चूक दुरुस्त केली, आणि मग नायकाला एक विनोदी धाकटा भाऊ दिला. माधवराव तर रोज जेवायला बसताना विचारत, "आज कोण कोणाच्या प्रेमात पडलं?" आणि तपशीलवार उत्तर मिळाल्याशिवाय घास घेत नसत.

पहिल्या पुस्तकानंतर ओहायोहून एक पत्र आले. अक्षर ताठ, सुबक. लिहिणाऱ्या रूथबाई अमिश घरात वाढलेल्या होत्या. त्यांनी पुस्तकाबद्दल चार चांगले शब्द लिहून पुढे अकरा चुका काढल्या होत्या. तुमच्या सुताराचे लग्न झालेले नाही, तर त्याला दाढी कशी? आमच्यात लग्नानंतर दाढी ठेवतात. लेआ पोशाखाला बटण कसे शिवते? आमच्या बायका टाचण्या लावतात. दुसरा कुणी लेखक खट्टू झाला असता. ताई हरखल्या. त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिले आणि दुसऱ्या कादंबरीची टाइप केलेली प्रत रूथबाईंना पाठवली.

त्या प्रतीने पुढे जे घडवले, त्यात मला ताई खऱ्या अर्थाने कळल्या.

दुसऱ्या कादंबरीची नायिका हॅना एका बाहेरच्या शिक्षकावर प्रेम करते. त्यामुळे समाज तिला वाळीत टाकतो, आणि तिची आईसुद्धा तिला आपल्या पंक्तीला बसू देत नाही. सगळी कथा या एका गोष्टीवर उभी होती. कॅरलबाईंना ती पहिलीपेक्षाही जास्त आवडली होती. मुखपृष्ठ तयार होते, अंतिम मुद्रिते तपासून झाली होती, आणि तेव्हा रूथबाईंचे पत्र आले. ते ताईंनी मला मोठ्याने वाचायला लावले. त्यातला मजकूर असा होता: आमच्यात बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने घेतात. तो घेऊन नंतर सोडून जाणाऱ्यालाच वाळीत टाकतात, कारण त्याने वचन मोडलेले असते. तुमच्या हॅनाने बाप्तिस्मा घेतलेलाच नाही. मीसुद्धा तो न घेता एकोणिसाव्या वर्षी घर सोडले आणि एका शिक्षकाशी लग्न केले. माझी आई खूप रडली. पण ती जिवंत असेपर्यंत तिने दर रविवारी माझे ताट मांडले. तुमच्या पुस्तकातल्या आईने ते मांडले नाही. माझ्या आईने असे कधीच केले नसते.

मी पत्र खाली ठेवले. ताईंच्या डोळ्यांत पाणी होते.

"मी एका आईवर खोटा आळ घेतला, मृणाल," त्या म्हणाल्या.

"ताई, ही कादंबरी आहे. ती आई खरी नाही."

"रूथला ती खरी वाटली ना? तिला तिची आई दिसली तिथे." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी ती त्यांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. ताईंनी आणि माधवरावांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्यानंतर दोन वर्षे वडिलांच्या घरात ताईंचे पान वाढले गेले नाही. आईची इच्छा होती, पण तिला तसे करू दिले नाही. "मला वाटलं, सगळीकडे असंच असतं," ताई म्हणाल्या. "माझ्या घरचं दुःख उचललं आणि त्यांच्या घरात नेऊन ठेवलं. विचारलंसुद्धा नाही की बाई, तुमच्याकडे कसं असतं?"

कॅरलबाईंना फोन केला. त्यांनी सोपा उपाय सांगितला. पहिल्या प्रकरणात एक वाक्य घाला, की हॅनाने बाप्तिस्मा घेतला आहे. मिटले. मलाही ते पटले. ताईंना पटेना. "मग ती वचन मोडणारी मुलगी होते. माझी हॅना तशी नाही," त्या म्हणाल्या. नवव्या प्रकरणापासून पुढचे सगळे पुन्हा लिहायचे, असे त्यांनी ठरवले. कॅरलबाईंचा नाइलाज होता. त्यांनी आठ आठवडे दिले आणि स्पष्ट सांगितले की त्यात झाले नाही तर पुस्तक यादीतून काढावे लागेल, आणि पुन्हा कधी घेता येईल याची खात्री नाही. ताई तेव्हा सत्तरीच्या होत्या आणि उजवे मनगट दुखत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी नवी वही काढली.

त्या आठ आठवड्यांत देवस्थळींच्या घरचा स्वयंपाक माधवरावांकडे होता. त्यांना पोहे उत्तम येतात, आणि फक्त पोहेच येतात. मला एव्हाना नोकरी लागली होती. ऑफिसमधून परस्पर त्यांच्याकडे जायचे, त्या दिवसाची पाने टाइप करायची, पोहे खायचे आणि घरी यायचे, असा माझा क्रम झाला. संदीपही टाइप केलेली पाने वाचायला बसू लागले. तोपर्यंत प्रेमकथेचे एक पानही न वाचलेला हा माणूस एका शनिवारी गंभीरपणे म्हणाला, "त्या शिक्षकाने आईसाठी काहीतरी घेऊन जायला हवं. रिकाम्या हाताने कसा जाईल?" ताईंनी त्या शिक्षकाच्या हातात मधाची बरणी दिली.

सहाव्या आठवड्यात ताई अडल्या. आता हॅनाला कुणी वाळीत टाकत नव्हते, घरचे सगळे प्रेमाने वागत होते, आणि त्यामुळेच तिचा पाय निघत नव्हता. पूर्वीच्या कथेत तिला रागावून जाता येत होते. आता कुणावर रागावणार? ती गेली तरी वाचकांना रुखरुख लागणार होती आणि राहिली तरी. तीन दिवस वहीत एक ओळ पडली नाही. शुक्रवार होता, म्हणून आम्ही दोघी डोरोथीबाईंकडे गेलो. त्या आता खाटेवरच असत. ताईंनी शेवटचे लिहिलेले प्रकरण वाचून दाखवले आणि सांगितले की पुढे काय होते ते मला माहीत नाही.

डोरोथीबाईंनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्यांना आम्ही स्पष्ट दिसत होतो. "मूर्ख आहात का तुम्ही दोघी? ती जाईल. आणि रविवारी जेवायला येईल."

"आणि नवरा?"

"त्याला घेऊन येईल. आई दोन ताटं मांडेल. त्यात अवघड काय आहे? आणि पाय सफरचंदाचा असू दे."

ताईंनी तिथेच, डोरोथीबाईंच्या खाटेच्या कडेवर वही ठेवून, शेवटचे प्रकरण सुरू केले. मी चहा केला. मधेच डोरोथीबाई विचारत, "आली का ती?" आणि ताई मान वर न करता म्हणत, "वाटेत आहे." संध्याकाळच्या आत हॅना आईच्या दारात पोचली होती.

हस्तलिखित मुदतीच्या चार दिवस आधी गेले. दोन दिवसांनी कॅरलबाईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आले. शेवटची प्रकरणे त्यांनी ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसूनच वाचली होती, आणि मग तिथूनच स्वतःच्या आईला फोन लावला होता. "पहिला खर्डा चांगला होता," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक आहे." माधवरावांनी त्या आनंदात पुन्हा पोहे केले. या वेळी कुणी तक्रार केली नाही.

पुस्तक निघाले. त्यावर आलेली पत्रे ताईंनी एका ट्रंकेत ठेवली आहेत. त्यांतली कितीतरी अशा आयांची आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षे न बोललेल्या मुलांना रविवारी जेवायला बोलावले. पहिली छापील प्रत डोरोथीबाईंच्या हातात पडली. त्यांनी मुखपृष्ठावरून बोटे फिरवत विचारले, "टोपी आहे ना?" आहे म्हटल्यावर समाधानाने ती उशीपाशी ठेवली. त्यानंतर दीड वर्षाने त्या गेल्या, तिसऱ्या पुस्तकाची बारा प्रकरणे ऐकून, आणि त्यातल्या खलनायकाला मनसोक्त शिव्या देऊन.

पुढच्या वर्षी रूथबाईंच्या आमंत्रणावरून ताई ओहायोला गेल्या, आणि बॅग उचलायला म्हणून मीही. रूथबाईंची धाकटी बहीण मिरियम आजही अमिश आहे. तिच्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो. ताईंची साडी तिथल्या बायकांना फार आवडली. टाचण्या कुठे लावता, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मिरियमचे यजमान अमॉस अबोल गृहस्थ. पण त्यांनी मेहुणीकडून ऐकले होते की ताईंच्या पहिल्या पुस्तकात नायक एका हाताने लगाम धरतो आणि दुसऱ्या हाताने नायिकेचा हात. त्यांनी घोडागाडी दारात आणली, लगाम ताईंच्या हाती दिले आणि म्हणाले, "एका हाताने करून दाखवा." ताईंनी पदर खोचला आणि करून दाखवले. घोडा सरळ शेजाऱ्याच्या मक्यात शिरला. गाडी बाहेर काढेपर्यंत अमॉस इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले. तेव्हापासून ताईंचे सगळे नायक दोन्ही हातांनी लगाम धरतात आणि जे बोलायचे ते नजरेने बोलतात. जाणकार वाचकांनी हा बदल टिपला असेलच.

रविवारी आम्ही सगळे मिरियमच्या लांब टेबलाशी जेवायला बसलो. रूथबाई बहिणीच्या शेजारी बसल्या. तिथे त्यांचे ताट आधीच मांडलेले होते, कुणी त्याबद्दल काही बोललेही नाही. ताई त्या ताटाकडे बघत राहिल्या. जेवण आवडले नाही का, असे मिरियमने विचारले. रूथबाईंनी बहिणीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितले. मिरियमने ताईंच्या पानात आणखी एक बटाटा वाढला, आणि त्यावर भरपूर लोणी घातले.

ताईंनी मला काय दिले, याची यादी मी करणार नाही. त्यांना ती आवडणार नाही. एवढेच सांगते की माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा ताई सहा आठवडे आमच्याकडे येऊन राहिल्या. बाळाला न्हाऊमाखू घातले, मला डिंकाचे लाडू खायला लावले आणि त्या काळात एक शब्दही लिहिला नाही. प्रकाशकांनी विचारले तेव्हा कळवले, "सध्या मी आजी आहे. उरलेलं पुढच्या महिन्यात."

आता ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. सत्काराला त्या मुळीच तयार नव्हत्या. आठव्या कादंबरीचे काम चालू आहे, वेळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या कादंबरीची नायिका बहात्तर वर्षांची अमिश विधवा आहे, आणि तिला शेजारच्या गावातला एक मधमाश्या पाळणारा विधुर मागणी घालतो. प्रकाशकांनी नेहमीप्रमाणे विशीतली मुलगी घ्या म्हणून सुचवले. ताईंनी त्यांना कळवले की माझ्या निम्म्या वाचक बायका सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांनाही कुणीतरी मागणी घालू दे. हे ऐकून माधवराव काळजीत पडले. "ती विधवा आहे म्हणजे तिचा नवरा गेला. कशाने गेला तो?" असे ते गेला महिनाभर विचारत आहेत. पहिल्या प्रकरणाच्या आधीच गेला, अगदी शांतपणे गेला, आणि तो पोहे खात नव्हता, असे ताईंनी त्यांना लेखी दिले आहे.

आपल्या सर्वांच्या वतीने मी एवढेच मागते: ताईंचे मनगट दुखायचे थांबो, माधवरावांना आणखी एखादा पदार्थ येवो, आणि दोघांची प्रकृती ठणठणीत राहो. या पुस्तकाची नायिका बहात्तर वर्षांची आहे. पुढच्या पुस्तकातली पंच्याऐंशीची असावी, त्यापुढची पंच्याण्णवची, आणि त्यांतल्या प्रत्येकीचे वय ताईंनी स्वतःच्या अनुभवावरून लिहावे.